स्वस्त गोळीचं बिल

बहुतेक मराठी घरांत औषधांचा एक डबा असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा, नाहीतर श्रीखंडाचा रिकामा झालेला. त्यात पॅरासिटामॉलची पट्टी असते, आजीच्या गुडघ्यांसाठी आणलेलं डायक्लोफेनॅक असतं, एखादी अ‍ॅस्पिरिन असते. घरातलं मांजर लंगडायला लागलं आणि कुणी मायेनं त्या डब्यातली पॅरासिटामॉलची एकच गोळी त्याला दिली, तरी मांजर मरू शकतं.

आपलं यकृत पॅरासिटामॉल शरीराबाहेर टाकण्यासाठी मुख्यतः ज्या एन्झाइमवर भिस्त ठेवतं, ते मांजरांत जवळपास कामच करत नाही. मग औषध दुसऱ्या वाटेनं जातं, त्यातून विष तयार होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. अ‍ॅस्पिरिनचंही तसंच. आपल्या शरीरातून ती काही तासांत निघून जाते, मांजराच्या शरीरात तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच दीड दिवस लागतो. डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या जठराला व्रण पडू शकतात, किडनी निकामी होऊ शकते.

मी हे सगळं शोधत गेले ते आमच्या चिमीमुळे. बारा वर्षांची गावठी कुत्री. मागच्या पायांचे सांधे झिजलेत, सकाळी उठताना दोनदा खाली बसते. तिला मेलॉक्सिकॅम सुरू झालं. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च दोन कॉफींपेक्षा कमी. पण डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी किडनी आणि लिव्हरची रक्ततपासणी सांगितली आणि तिचा एका वेळचा खर्च पूर्ण वर्षाच्या गोळ्यांच्या जवळपास निघाला. मी डॉक्टरांना विचारलं, गोळी एवढी स्वस्त आणि तपासणी एवढी महाग, हे कसं? त्या म्हणाल्या, "गोळी द्यायला काय लागतं? ती आत काय करतेय हे बघायला पैसे लागतात."

त्या वाक्याच्या मागे जवळपास पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. प्राण्यांच्या सांधेदुखीवर स्वस्त गोळ्या पुनःपुन्हा मिळाल्या. ती आत काय करतेय हे बघायचा खर्च मात्र पुष्कळदा कुणी केला नाही. तो वाचलेला खर्च मग भलत्याच कुणीतरी भरला. आधी कुत्र्यांनी, मग गिधाडांनी, शेवटी माणसांनी.

दुखणं आधी दिसावं लागतं

सांधेदुखीवर उपचार करायचे तर ती आहे हे कुणालातरी दिसावं लागतं, आणि त्यासाठी पैसे मोजायची इच्छा असावी लागते. अनेक शतकं ही इच्छा जनावराच्या कामाशी बांधलेली होती. 1761 मध्ये फ्रान्समधल्या लिऑं इथं जगातल्या पहिल्या पशुवैद्यकीय शाळेला मंजुरी मिळाली, तेव्हा डोळ्यांसमोर गुरांची साथ आणि सैन्याचे घोडे होते. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं 1886 मध्ये. तिथंही भर घोड्यांवर आणि गुरांवर होता. म्हातारं, लंगडं कुत्रं या हिशेबात कुठेच नव्हतं.

मुंबईत एक वेगळा हिशेबही होता, आणि तो दंगलीतून पुढे आला. 1832 च्या जूनमध्ये इंग्रज सरकारनं शहरातली भटकी कुत्री मारायची मोहीम चालवली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवायचा 'सगदीद' हा त्यांच्या अंत्यसंस्कारांचाच भाग. फोर्टमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यांना मिळाले, बाजार बंद पडला. आधुनिक मुंबईतली ही पहिली दंगल मानतात. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरपोळ सुरू केला. काम न करणाऱ्या प्राण्यालाही खायला घालायचं आणि त्याचे पैसे समाजानं द्यायचे, ही कल्पना तिथं पक्की झाली. हे पारशी, ही कुत्री आणि ते अंत्यसंस्कार लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

पांजरपोळात चारा होता, निवारा होता. सांधेदुखीवर औषध नव्हतं. ते यायला अजून शंभरेक वर्षं होती.

माणसांच्या ताटातलं उरलेलं

1949 मध्ये स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीचं फिनाइलब्युटाझोन हे औषध माणसांच्या संधिवातासाठी बाजारात आलं. सांध्यांची सूज झपाट्यानं उतरायची. पण काही रुग्णांचा अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करणंच थांबवू लागला आणि अनेक देशांत माणसांसाठी त्याचा वापर जवळपास बंद झाला. औषध मात्र बंद झालं नाही. ते घोड्यांकडे आणि कुत्र्यांकडे सरकलं.

घोड्यांच्या जगात त्याला 'ब्यूट' म्हणतात. 1968 ची केंटकी डर्बी जिंकणारा घोडा होता डान्सर्स इमेज. त्याचे घोटे आधीपासून दुखरे होते. शर्यतीनंतरच्या तपासणीत ब्यूट सापडलं आणि त्याचं विजेतेपद गेलं. गोळीनं सांधा बरा होत नाही, दुखणं झाकलं जातं आणि दुखऱ्या पायावर प्राणी धावतो, हे त्या प्रकरणानं सगळ्या जगाला दाखवलं. 2013 मध्ये युरोपात बीफ म्हणून घोड्याचं मांस विकल्याचं उघड झालं, तेव्हा तपासलेल्या घोड्यांपैकी काहींच्या मांसात हेच ब्यूट निघालं. औषध घेणारा प्राणी मेला तरी औषध त्याच्यात उरतं आणि त्याला खाणाऱ्याच्या पोटात जातं, ही दुसरी गोष्ट. तीही लक्षात ठेवा.

कुत्र्यांचं नशीब उघडलं ते अमेरिकेत. 1935 मध्ये गेरी श्नेल या पशुवैद्यानं कुत्र्यांच्या खुब्याचा सांधा जन्मतःच सैल असण्याच्या विकाराचं वर्णन केलं. 1966 मध्ये त्या विकाराची नोंद ठेवायला एक संस्थाच निघाली. एक्स-रे स्वस्त झाले, कुत्रा अंगणातून घरात आणि घरातून पलंगावर आला. आता लंगडणं दिसत होतं आणि मालक पैसे मोजायला तयार होते.

तोवर माणसांच्या बाजारातून आणखी एक औषध बाहेर पडलं होतं, कार्प्रोफेन. माणसांसाठी ते काही वर्षं विकलं गेलं आणि मग मागे पडलं. फायझरनं 1997 मध्ये ते 'रिमाडिल' या नावानं अमेरिकेतल्या कुत्र्यांसाठी आणलं. टीव्हीवर जाहिराती झळकल्या. म्हातारी कुत्री पुन्हा जिने चढू लागली. हे खोटं नव्हतं. लाखो कुत्र्यांना खरंच आराम पडला आणि आजही पडतो.

पण काही कुत्र्यांचं यकृत बसलं, काहींच्या पोटात रक्तस्राव झाला, काही दगावली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे तक्रारींचा ढीग साचला, मालक कोर्टात गेले. बऱ्याच मालकांचं म्हणणं एकच होतं. औषध वाईट आहे असं ते म्हणत नव्हते. आधी रक्त तपासा, ही लक्षणं दिसली तर गोळी थांबवा, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं ते म्हणत होते. संभाव्य परिणामांत 'मृत्यू' हा शब्द आला. टीव्हीवरच्या जाहिरातीतही तो उच्चारा असं प्रशासनानं सांगितल्यावर कंपनीनं जाहिरातच काढून घेतली. आज चिमीच्या कागदावर जी रक्ततपासणी लिहिलेली असते, तिच्यामागे त्या मेलेल्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे.

मांजर लंगडत नाही

मांजरांची गोष्ट छोटी आहे, कारण मांजरांकडे बराच काळ कुणी पाहिलंच नाही. कुत्रा लंगडतो, कुंई कुंई करतो. मांजर फक्त कपाटावर उडी मारायचं सोडून देतं आणि आपण म्हणतो, वय झालं. 2002 मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा 90 मांजरांत सांधे किंवा मणके झिजल्याच्या खुणा दिसल्या.

त्यांच्यासाठी औषध कुठलं? युरोपनं 2007 मध्ये मेलॉक्सिकॅम अगदी कमी मात्रेत, दीर्घकाळ द्यायला परवानगी दिली. अमेरिकेनं 2010 मध्ये त्याच औषधाच्या लेबलवर चौकटीत इशारा छापला. मांजरांना पुनःपुन्हा दिल्यास किडनी निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो, असा. रेणू तोच, प्राणी तोच. अटलांटिकच्या एका बाजूला चालणारं औषध दुसऱ्या बाजूला धोक्याचं ठरलं, कारण मधला फरक होता मात्रेचा आणि देखरेखीचा.

भारतातली सर्वात स्वस्त गोळी

आता आपल्याकडे येऊ. इथं सांधेदुखीचं औषध सर्वात आधी मोठ्या प्रमाणात पोचलं ते गोठ्यात.

भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. ही स्थिती 2005 पर्यंत टिकली. त्यामुळे माणसांचं सांधेदुखीचं लोकप्रिय औषध डायक्लोफेनॅक आपल्या कंपन्या अत्यंत स्वस्तात बनवू लागल्या. 1990 च्या दशकात ते गुरांसाठी आलं. लंगडणारा बैल, कास सुजलेली म्हैस, ताप आलेली गाय, सगळ्यांना एकच इंजेक्शन. शेतकऱ्याचा यात काही दोष नव्हता. बैल उभा राहिला तर पेरणी होते. अनेकदा गायीला कसाईखान्यात पाठवता येत नाही आणि पाठवावंसंही वाटत नाही, म्हणून म्हातारपणी तिचं दुखणं कमी करावं, एवढीच भावना.

गुरं मेली की मढं गावाबाहेर टाकायचं आणि गिधाडांनी ते संपवायचं, ही शेकडो वर्षांची व्यवस्था. फुकट, वेगवान आणि स्वच्छ. 1990 च्या दशकात भरतपूरच्या अभयारण्यात विभू प्रकाश यांनी गिधाडं माना टाकून बसलेली आणि मरताना पाहिली. पंधराएक वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली, लांब चोचीची सुमारे 97 टक्के. कुणाला वाटलं विषाणू आहे, कुणाला वाटलं कीटकनाशक.

2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून कारण शोधलं. डायक्लोफेनॅक. मेलेल्या गुरात उरलेलं औषध खाल्ल्यावर गिधाडांच्या किडन्या बंद पडत आणि युरिक अ‍ॅसिड साचून आतले अवयव पांढऱ्या थराखाली जात. माणसांच्या भाषेत सांगायचं तर त्यांना गाउट होत होता. एका प्राण्याचे सांधे शांत करणाऱ्या औषधानं दुसऱ्याला संधिवाताच्याच घराण्यातला रोग देऊन मारलं. आणि त्यासाठी सगळ्या मढ्यांत औषध असायची गरजही नव्हती. शंभरात एकाहून कमी मढ्यांत ते असलं, तरी एवढी घट घडू शकते असं गणित निघालं.

गिधाडं गेली, मढी उरली. ती खायला कोण आलं? भटकी कुत्री. 2008 मध्ये अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की गिधाडं संपल्यामुळे भारतात किमान 55 लाख कुत्री वाढली आणि 1992 ते 2006 या काळात रेबीजनं सुमारे 48 हजार जादा माणसं मेली. 2024 मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथं गिधाडं पूर्वी भरपूर होती आणि जिथं फारशी नव्हती अशा जिल्ह्यांची तुलना केली. कुजणारी मढी, दूषित पाणी आणि कुत्री असं सगळं धरून त्यांचा अंदाज आला, 2000 ते 2005 या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा मृत्यू. वर्षाचं नुकसान सुमारे 69 अब्ज डॉलर.

आणि मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत दखमे गिधाडांविना पडले. मृतदेहांसाठी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवायची वेळ आली. ज्या समाजानं 1832 मध्ये कुत्र्यांसाठी शहर बंद पाडलं होतं, त्याच्या अंत्यसंस्कारातलं कुत्रं उरलं, गिधाड गेलं. गुरांना दिलेल्या एका इंजेक्शननं.

या गोष्टीत एक चांगलं वळणही आहे. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मेलॉक्सिकॅम गिधाडांना मारत नाही. त्याच वर्षी भारतानं गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. सुरुवातीला मेलॉक्सिकॅम महाग होतं. कंपन्या वाढल्या तशी किंमत उतरली आणि आता ते गावोगावी मिळतं. चिमीच्या गोळीत हाच रेणू असतो.

पण बंदीचा कागद निघाला म्हणून काम संपलं नाही. 2007 ते 2010 दरम्यान अकरा राज्यांत अडीचशेहून जास्त औषध दुकानं पाहिली गेली, त्यांतल्या 36 टक्के ठिकाणी डायक्लोफेनॅक मिळालंच. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरवर आणली. मग कळलं की अ‍ॅसिक्लोफेनॅक गुराच्या पोटात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं आणि कीटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. त्या दोघांवर प्राण्यांसाठी बंदी आली 2023 मध्ये. पहिल्या बंदीनंतर सतरा वर्षांनी.

इंजेक्शनचा उलटा प्रवास

आतापर्यंत औषधं माणसांकडून प्राण्यांकडे आली. गेल्या काही वर्षांत एक औषध वेगळ्या वाटेनं आलं.

शरीरात 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' नावाचं प्रथिन असतं. रीता लेवी-माँतालचिनी आणि स्टॅनली कोहेन यांना त्याच्या शोधासाठी 1986 चं नोबेल मिळालं. दुखऱ्या सांध्यात ते वाढतं आणि वेदनेचा संदेश मोठा करतं. ते अडवणारी प्रतिपिंडं बनवली तर? माणसांसाठी 'टॅनेझुमॅब' तयार झालं. वेदना कमी झाल्या, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं खराब झाले. 2021 मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीनं विरोधात 19 आणि बाजूनं 1 असं मत दिलं आणि कंपन्यांनी ते सोडून दिलं.

साधारण त्याच सुमारास युरोपात कुत्र्यांसाठी 'लिब्रेला' आणि मांजरांसाठी 'सोलेन्सिया' यांना मंजुरी मिळत होती. तत्त्व तेच, प्रतिपिंड त्या त्या प्राण्यासाठी घडवलेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2022 मध्ये सोलेन्सिया मंजूर केलं, प्राण्यांसाठी त्या प्रशासनानं मंजूर केलेलं हे पहिलं मोनोक्लोनल प्रतिपिंड. लिब्रेला 2023 मध्ये आलं. महिन्याला एक इंजेक्शन, गोळीपेक्षा कितीतरी महाग, आणि तेही बहुधा जन्मभर. ज्या मांजराच्या किडनीला गोळी झेपत नाही, त्याच्यासाठी हे मोठंच दान आहे. पण डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पशुवैद्यांना पत्र लिहून लिब्रेलानंतर तोल जाणं, झटके येणं, काही कुत्र्यांचा मृत्यू अशा नोंदी आल्याचं कळवलं. नेमकं कारण प्रत्येक वेळी औषधच होतं असं यातून सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की महाग औषधालाही बघत राहण्याचा खर्च चुकत नाही.

मग काय करायचं?

मुंबईत महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय उघडलं. ते उभारायला 165 कोटी रुपये लागले. एकेकाळी पांजरपोळातल्या निवाऱ्यावर थांबणारं हे शहर आता कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियांपर्यंत आलंय. पण तुमच्या-माझ्या घरातला निर्णय बहुधा मेडिकलच्या काउंटरवरच होणार आहे. म्हणून तीन गोष्टी सांगते. माणसांची कुठलीही वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुत्र्या-मांजराला देऊ नका. महिन्याचं बजेट करताना गोळीशेजारी रक्ततपासणीची रक्कमही लिहा, आणि पैसे कमी असतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे त्या मात्रा आणि तपासण्या त्या हिशेबानं ठरवू शकतील. गावी तुमच्या काका-मामांकडे गुरं असतील तर त्यांना कुठलं इंजेक्शन देतात ते विचारा, आणि डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन ही तीन नावं त्यांना पाठवा.

चौथी गोष्ट जवळपास फुकट आहे. अमेरिकेत 1987 मध्ये 48 लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक अभ्यास सुरू झाला. जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव भाग कमी खायला दिलं, आयुष्यभर. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली. भरपूर खाणाऱ्यांतल्या निम्म्या कुत्र्यांना सव्वादहा वर्षांच्या आसपास सांध्यांवर कायमचे उपचार लागले, कमी खाणाऱ्यांत ती वेळ तेरा वर्षांनंतर आली. हा अभ्यास कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीनंच केला होता. वाटीतलं खाणं थोडं कमी करा, एवढं साधं सांगता यावं म्हणून कुणीतरी 48 कुत्र्यांकडे चौदा वर्षं नीट बघत राहिलं. संध्याकाळचं पार्ले-जी बंद करायला तुम्हाला मात्र एक दिवस पुरेल.